संस्था बंद करून दाखवा

पहिल्याच तासाला मॅडम वर्गात आल्या, त्यांच्यासाठी ठेवलेली खुर्ची उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली आणि विचारलं, "कोणाकोणाले अध्यक्ष व्हायचं आहे?"

आम्ही अकरा जण होतो. मेहकरच्या एका कॉलेजात त्या वर्षी स्वयंसेवी संस्थांचं व्यवस्थापन आणि नेतृत्व असा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला होता. नेतृत्व शिकायला आलेल्यांनी इथे नाही तर कुठे हात वर करायचा? नऊ हात वर गेले. मॅडम म्हणाल्या, "छान. आता खाली घेऊ नका," आणि फळ्याकडे वळून शिकवायला लागल्या.

पाच मिनिटांत दोन हात खाली आले. दहाव्या मिनिटाला शेगावचा गजानन डाव्या हातानं उजव्या हाताला टेकू देऊन बसला. पंधराव्या मिनिटाला तोही गेला. मॅडम मागे वळून पाहतसुद्धा नव्हत्या. तासाची घंटा झाली तेव्हा एकच हात वर होता, माझा. बोटं पांढरी पडली होती, खांदा माझा आहे की शेजारणीचा हे कळत नव्हतं. मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवून वर्गाला सांगितलं, "ही तुमची अध्यक्ष. हिचं अवघड आहे."

मला वाटलं कौतुकच केलं.

आमच्या घरी या शिक्षणाबद्दल थोडा गोंधळ होता. बाबा डोणगावात कपडे शिवतात. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, पोरगी काय करते. बाबा अभिमानानं सांगायचे, "एनजीओ करून राह्यली." समोरचा म्हणायचा, "इंजिनीअर?" बाबा म्हणायचे, "नाही, एनजीओ." एकदा एका गिऱ्हाइकानं अगदी खोलात जाऊन विचारलं, "म्हंजे इंजिनीअरच्या वरचं का खालचं?" बाबांनी मशीन थांबवून विचार केला आणि सांगितलं, "बाजूचं."

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांनी आधारासाठी गजाननचा खांदा धरला. हसताना त्या जवळच्या माणसाचा खांदा धरायच्या आणि हलवायच्या. उंच, काटकुळ्या बाई, पण हाताला विलक्षण जोर. गजानन त्यांच्या शेजारी बसणं टाळायचा.

मॅडम मूळच्या मलकापूरच्या. मेहकरात खोली घेऊन राहायच्या. सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि बोलणं पक्कं वऱ्हाडी. इंग्रजी पुस्तकातला उतारा अस्खलित वाचायच्या आणि मग म्हणायच्या, "आता हे आपल्या भाशेत सांगा. नाही सांगता आलं तं समजा, लिवणाराले बी कळलं नव्हतं." वीस-बावीस वर्षं त्यांनी संस्थांमध्येच काम केलं होतं. त्यांनी स्वतः उभी केलेली एक संस्था अजून जोरात चालू आहे असं कॉलेजात बोललं जायचं. आम्ही विचारलं की म्हणायच्या, "चालू आहे ना? मंग मले काऊन विचारता? तिले विचारा."

त्यांच्या वर्गात काही शब्दांना बंदी होती. 'तळागाळ' म्हणणाऱ्यानं उरलेला तास खाली फरशीवर बसायचं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "जरा बसून पाहा. तिथून कसं दिसते थे सांगा." 'समाजाला गरज आहे' असं कोणी म्हटलं की खडू पुढे करून म्हणायच्या, "समाजाचा पत्ता लिव फळ्यावर." गजाननानं पहिल्यांदा लिहिलं, 'ग्रामीण भाग'. मॅडमनी विचारलं, "पोस्टमन पोचन का?" असं करत करत महिन्याभरात आम्ही माणसांची नावं आणि घरं सांगायला शिकलो. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक पहिल्याच प्रश्नात 'तळागाळातील घटक' म्हणाले आणि आम्ही अकराही जणांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी अतिशय आदरानं त्यांना वर्गाचा नियम सांगितला. परीक्षक भले गृहस्थ होते. चष्मा सावरत खाली बसले. मग आम्हीही बसलो, शिपाईमामांनी सतरंजी आणली, आणि सगळी परीक्षा फरशीवर झाली. जाताना ते म्हणाले, गुडघे दुखले, पण मुलं बरी बोलली.

आणि ते गजराचं घड्याळ. मॅडमच्या पिशवीत कायम एक घड्याळ असायचं, वर दोन वाट्यांसारख्या घंटा असलेलं. कोणत्याही सभेत बोलणाऱ्याला तीन मिनिटं. मग ते कोकलायचं. स्नेहसंमेलनाला एक मोठे पाहुणे आले होते, त्यांनी सेवा या विषयावर सुरुवात केली. प्राचार्य मॅडमकडे विनवणीच्या नजरेनं पाहत होते, कारण घड्याळ टेबलावर होतं. तीन मिनिटांनी ते वाजलंच. पाहुणे थबकले. मॅडम उठून म्हणाल्या, "साहेब, अजून बोलायचं असन तं खुशाल बोला. फक्त मधात अकरा जण आहेत, त्यायच्या मागं तुमचा नंबर."

पाहुणे खाली बसले. आमचे अकराही जण बोलले, तीन तीन मिनिटं. आणि मग पाहुणे खरंच पुन्हा उठले आणि कागद बाजूला ठेवून आपल्या आईबद्दल तीन मिनिटं बोलले. घंटा वाजायच्या आत संपवलं. मॅडमनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष काम करायचं होतं. इतर विषयांचे शिक्षक 'एखाद्या संस्थेत जा आणि अहवाल लिहा' म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "एक संस्था काढा. अन् वर्ष संपायच्या आत बंद करून दाखवा. काढायले काय, कोणीही काढते. मार्क बंद केल्याचे आहेत."

आम्हाला वाटलं, गंमत करतायत. त्यांनी समजावलं. अशी गरज शोधा जी भागू शकते. भागली की उठा आणि घरी जा. नोंदणी करू नका, नुसतं मंडळ काढा. नोंदणी केली की संस्थेले माणसापेक्षा जास्त आयुष्य लागते. पण नियम, सभा, इतिवृत्त, पदाधिकारी सगळं पाहिजे.

डोणगावपासून चार किलोमीटरवर एक गाव आहे. गरज शोधायला आम्ही तिथल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बायकांची सभा घेतली. आरोग्य, शिक्षण, रोजगार असे तीन तक्ते रंगवून नेले होते. बायकांनी तक्ते कौतुकानं पाहिले. मग एक जण म्हणाली, "मले सायकल शिकायची हाय." दुसरी म्हणाली, मलेही. दवाखाना, बँक, बाजार, सगळं डोणगावला, आणि जायचं तर कोणाच्या तरी गाडीमागे बसून, त्याला सवड असेल तेव्हा. वस्तीतल्या बाया बोलल्या, मग वेशीकडच्या शेतकरी घरांतल्या बोलल्या. नावं लिहून घेतली तर सदतीस भरली.

असं आमचं सायकल शिका महिला मंडळ निघालं. मेहकरातल्या घराघरांत अडगळीत पडलेल्या लेडीज सायकली मागून आणल्या, सहा जमल्या. शाळेमागच्या मैदानावर रोज सकाळी शिकवणी. साडी साखळीत अडकायची, म्हणून माझ्या बाबांनी रुंद इलॅस्टिकचे पट्टे शिवून दिले. पोटरीवर चढवला की निऱ्या जागच्या जागी. ज्या बाया एरवी एकमेकींच्या ओट्यावर बसल्या नसत्या, त्या इथे मैदानात एकीवर एक पडल्या, एकमेकींना उचललं, धूळ झटकली. एक जण सुटली की थांबायचं कसं ते न कळून सरळ ज्वारीच्या वावरात घुसायची, आणि बाकीच्या हसून हसून खाली बसायच्या. इतकं हसू मी माझ्या अख्ख्या शिक्षणात ऐकलं नव्हतं.

आणि मी अध्यक्ष होते. माझ्याकडे रबरी शिक्का होता. गोल, मध्ये सायकल, खाली 'अध्यक्ष'. मी तो दप्तरात ठेवायचे आणि घरी वहीच्या मागच्या पानांवर मारून पाहायचे. गावात लोक मला 'अध्यक्षबाई' म्हणायला लागले होते. बाबांच्या दुकानात आता कोणी इंजिनीअर का विचारत नव्हतं.

सहा महिन्यांत छत्तीस बाया शिकल्या. राहिल्या एकट्या लीलाकाकू.

लीलाकाकू गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरच्या. पंचावन्नच्या, अंगानं भरलेल्या. घरी दोन चारचाकी गाड्या, दोन मुलगे, एक ड्रायव्हर. मी विचारलं होतं, "काकू, तुम्हाला सायकल कशाला?" त्यांनी इकडेतिकडे पाहून सांगितलं, "मले एक डाव कोणाले न सांगता बाजारात जायचं हाय. कुठी चालली, कायले चालली, कोणीच विचारलं नाही पाहिजे." चारचौघींत शिकायची त्यांना लाज वाटे, म्हणून त्यांची शिकवणी सगळ्या गेल्यावर, कॅरिअर मी धरायचे.

नेमकं तेव्हाच पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. त्यांच्या समाजकार्य विभागाला आमचं काम कोणीतरी सांगितलं होतं. त्यांचे साहेब पुढच्या महिन्यात बघायला येणार होते. पसंत पडलं तर दहा गावांत हेच काम, तीन वर्षं, आणि त्याची प्रमुख म्हणून मला नोकरी. पत्र मी चार वेळा वाचलं. बाबांनी ते दुकानात काचेखाली ठेवलं.

आता सरळच सांगते. लीलाकाकू त्या आठवड्यातच शिकल्या होत्या. कॅरिअर धरून धावताना माझ्या हाताला कळत होतं, सायकलचा तोल त्यांचा आहे, माझा नुसता हात आहे. पण काकू शिकल्या की सदतीस पूर्ण. सदतीस पूर्ण की मंडळ बंद. साहेब येऊन काय बघणार, रिकामं मैदान? म्हणून मी हात सोडला नाही. "काकू, डावीकडं झोल जातोय," मी म्हणायचे. "काकू, अजून थोडं." एकदा तर मी पाना घेऊन मागचा ब्रेक किंचित आवळून ठेवला, म्हणजे चाक घासत राहील. काकू घामाघूम व्हायच्या आणि म्हणायच्या, "माह्यातच खोट हाय वं. तू किती मेहनत घेते." मी मान खाली घालून धावायचे. तीन आठवडे हे चाललं.

एका सकाळी मॅडम मैदानावर उभ्या. आधी कळवलं नव्हतं. बाभळीखाली उभं राहून त्यांनी दोन फेऱ्या पाहिल्या. मग वाकून मागच्या चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाल्या, "पाना दे."

मी दिला. त्यांनी ब्रेक सैल केला, हात साडीला पुसले. काकूंना विचारलं, "बाई, मले डोणगावले जायचं आहे. डबलसीट नेता का?"

काकू म्हणाल्या, "मले येत नाही हो अजून. ही धरते म्हून चालते."

"मले तं अजिबात येत नाही," मॅडम म्हणाल्या. मला तेव्हा कळलं की आमच्या मंडळाच्या मार्गदर्शक बाईंना स्वतःला सायकल येत नव्हती. "आपुन दोघी पडलो तं दोघी हसू. चाला."

आणि त्या कॅरिअरवर बसल्या, एका बाजूला पाय सोडून, पांढरे बूट अधांतरी. आता माझ्या हाताला जागाच नव्हती. काकूंनी देवाचं नाव घेतलं, पायडल मारलं, सायकल डावीकडे गेली, उजवीकडे गेली, एका शेळीला वळसा घातला आणि रस्त्याला लागली. मी मागून धावत सुटले. शंभर पावलांवर माझा दम संपला, त्यांचा नाही. वळणावर मॅडम मागे वळून मला हात हलवत होत्या आणि हसता हसता त्यांनी काकूंचा खांदा धरला. मला वाटलं, आता दोघी गटारात. पण काकूंनी खांदा झटकून खणखणीत आवाजात सांगितलं, "हलू नका वं बाई, मी चालवून राह्यली ना."

त्या तशाच डोणगावच्या बाजारात गेल्या. तिथे काकूंनी कोणालाही न सांगता दोन डझन हिरव्या बांगड्या भरल्या, भजी खाल्ली आणि परतही मॅडमना मागे बसवून आणलं. मी मैदानात वाट पाहत बसले होते. काकूंचा चेहरा पाहिला आणि मला रडू आलं. तीन आठवडे आधीच त्या असं हसल्या असत्या.

मी त्यांना सगळं सांगितलं, ब्रेकचंसुद्धा. काकूंनी मागचं चाक हातानं फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "तरीच म्हनलं, एवढं जड काऊन जाते." आणि भज्यांचा पुडा माझ्यापुढे केला.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "सभा कधी ठेवते?"

मी म्हटलं, "साहेब येणार आहेत त्या दिवशी."

शेवटची सभा त्याच ओट्यावर झाली. पुण्याचे साहेब वेळेवर आले, चांगले होते, चहा घेतला. सदतीस बाया सायकलींवरून आल्या. सहा सायकली मंडळाच्या, बाकीच्या कोणी घरून, कोणी मागून आणलेल्या. साहेब फोटो काढत होते, तोवर मी उठले आणि ठराव वाचला की मंडळाचा उद्देश पूर्ण झाल्यामुळे मंडळ आज बंद करण्यात येत आहे. सूचक मीच.

बाया खवळल्या. "बंद काऊन? आमी काय केलं?" एक जण म्हणाली, "आमाले येते म्हून शिक्षा देता काय?" त्यावर सगळ्या हसल्या, पण ठरावाला अनुमोदन द्यायला कोणी उठेना. शेवटी लीलाकाकू उठल्या, बांगड्या मागे सारल्या आणि म्हणाल्या, "ही पोरगी मोकळी होऊ द्या आता. माह्यं अनुमोदन." सहा सायकली शाळेतल्या मुलींना देण्याचा ठराव झाला. मी शेवटच्या इतिवृत्तावर शेवटचा शिक्का मारला.

साहेब गोंधळून गेले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, हे इतकं चांगलं चाललंय. दहा गावांत नेऊ की."

मी म्हटलं, "आधी त्या गावांना विचारावं लागेल, सर. त्यांना सायकल पाहिजे की आणखी काही."

त्यांनी फायलीतला फॉर्म काढून मला दाखवला. अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "पण ताई, आमच्याकडे 'सुरू' आणि 'सुरू होणार' एवढेच रकाने आहेत. 'संपलं' असा रकानाच नाही."

मॅडमनी हे ऐकलं आणि त्यांना इतकं हसू आलं की त्यांनी साहेबांचाच खांदा धरला. साहेबांच्या हातातला चहा सांडला. ती नोकरी गेली. बाबांनी काचेखालचं पत्र काढलं, घडी घालून मला दिलं आणि विचारलं, "त्या बाईनं सायकल चालवली का पण?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मंग ठीक हाय," आणि मशीन सुरू केलं.

पुढे मला दुसरीकडे काम मिळालं. मॅडम निवृत्त होऊन मलकापूरला गेल्या. दीडेक वर्षानं कामासाठी मी त्या गावावरून स्कूटीनं जात होते. रस्त्यावर एक नवी नवरी सायकलवरून येताना दिसली, पिशवीत मेथी, डोक्यावर पदर, एक हात मोकळा सोडून. मी थांबवून विचारलं, "सायकल कोणी शिकवली?"

"जावेनं."

"आणि जावेला?"

तिनं पदर सावरला. "तिले येतेच. या गावात समद्याच बायायले येते. पहिल्यापासूनच येते."

"इथं एक मंडळ होतं ना, सायकलचं?"

"मंडळ? बचत गट हाय," ती म्हणाली आणि पायडल मारून निघून गेली.

घरी आल्यावर मी मॅडमना फोन करून हे सांगितलं. त्या इतका वेळ हसत राहिल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मलकापुरात कोणाचा तरी खांदा नक्कीच हलत असणार. मग विचारलं, "तुले वाईट वाटलं?"

"वाटलं."

"किती वेळ?"

मी आठवून पाहिलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "डोणगावच्या फाट्यापर्यंत."



"मी माही संस्था दुसऱ्याच्या हाती देली, तवा थे वाईट जायले मले चार वर्षं लागले होते, पोरी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या.